आत्याचा सूर कुणी ठरवला?

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या आत्यावर. गेल्या चौदा एप्रिलला, मिरवणूक निघायच्या आधी, मंठ्याजवळच्या आमच्याच गावात, आमच्याच वस्तीच्या स्टेजवर. करणारे परके नव्हते. म्हणून तर लिहून राह्यलो.

जयंतीला आधी आत्या पाळणा म्हणते, तिच्यामागं बायका ओळ धरतात, मंग मिरवणूक हलते. माझ्या जन्माच्या आधीपासून हे असंच. तिचा आवाज जाड, घोगरा. वरच्या ओळीला जरासा फाटतो. माईक नव्हते तेव्हा शेवटच्या घरापर्यंत पोचवून पोचवून तो असा झालाय.

यंदा कमिटीनं जालन्याहून कीबोर्डवाला आणला. त्यानं आत्याला न विचारताच सूर धरला. फार वरचा.

"बाबू, खाली घे. मला इतकं उंच जमत न्हाई."

"बायांचा सूर हाच असतो, आत्या. बिलकुल टेन्शन घेऊ नका."

तिनं परत सांगून पाहिलं. कमिटीचा अध्यक्ष तिच्याच अंगाखांद्यावर खेळलेला. तो माईकवरूनच बोलला, "जल्दी करा आत्या, ट्रॅक्टर उभाय!"

तिनं सुरुवात केली. आवाज चिरकला, आणि पुढच्या ओळीला निघालाच नाही. खालून कुणीतरी ओरडलं, "कोंबडा आरवला रे!" लोक हसले. अध्यक्षानं तिच्या हातातला माईक काढून घेतला आणि पेनड्राइव्हवरचा पाळणा लावला. बारीक, गुळगुळीत, पाकात घोळलेला आवाज. त्यावर मिरवणूक निघालीसुद्धा.

बाईचा आवाज बारीकच असावा, हे कुणी ठरवलं? टीव्हीवरच्या स्पर्धांनी? गोड आवाजाशी माझं भांडण नाही. पण तो ऐकून माझ्या अंगावर कधी काटा आला नाही. आत्याचा आवाज फाटतो तिथं कापसाच्या रानातलं ऊन ऐकू येतं, चुलीचा धूर ऐकू येतो, माणसं गेल्यावर तिनं फोडलेला हंबरडा ऐकू येतो. हे चिकण्या आवाजात कुठून आणणार? आपण समतेची पत्रकं वाटतो, आणि आपल्याच बाईला तिच्या गळ्याएवढा सूर देत नाही. लाज वाटायला पाहिजे.

घरी आल्यावर म्हणालो, "आत्या, चूक त्याची होती."

"मंग हसले कुणाला रे?"



मागच्या महिन्यात शेजारी बारसं होतं. पाळण्याभोवती बसलेल्या बायकांनी सवयीनं तिच्याकडं पाहिलं. "घसा धरलाय," ती म्हणाली. धरला नव्हता. शेवटी कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं. आत्या पाळण्याची दोरी ओढत राह्यली, ओठ घट्ट मिटून. जयंतीपासून ती गायलेली नाही. स्वयंपाक करताना गुणगुणायची, तेही बंद झालंय.

तुमच्या गावातही अशी बाई असेल. पुढच्या कार्यक्रमाच्या आधी तिच्या दारात जा. तिला कुठल्या सुरातून गाता येतं ते विचारा, आणि वाजवणाऱ्याला तिथूनच वाजवायला लावा. तो ऐकत नसेल तर स्टेजवरून त्याला उतरवा, तिला नाही.