रहीमभाईंच्या पत्र्यावरचा सफेदा

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. ऐका.

उस्मानाबादेत रहीमभाईंचं आणि माझं एकच दुकान होतं. पाट्या, बिडीच्या लेबलांचे नमुने, जाहिराती — सगळं आम्ही हातानं रंगवायचो. ते माझ्याहून बरेच मोठे. ब्रश धरायला मला त्यांनीच शिकवलं. निजामी गेली, मराठवाडा महाराष्ट्रात आला, आणि गावोगावच्या उर्दू पाट्या उतरू लागल्या. उर्दू अक्षर त्यांचं देखणं, मराठी माझं. मग काय — मला जेवायला फुरसत नाही, आणि ते उतरवलेल्या पत्र्यांच्या ढिगाशेजारी बसलेले.

अशात त्यांनी त्यातलाच एक मोठा पत्रा घेतला आणि रंगवला. अक्षर नाही, फूल नाही, मोर नाही. एक तांबडा त्रिकोण, या कडेपासून त्या कडेपर्यंत. त्याला टेकलेला काळा चौकोन. आणि मध्येच हळदीसारखी पिवळी पट्टी — सरळ, बेधडक. लोक हसले. पतंगाचं दुकान टाकताय का, म्हणाले. मीही हसलो, लोकांसमोर.

पण एका सकाळी मी एकटाच दुकान उघडलं. दारातून ऊन थेट त्या पत्र्यावर पडलं. काय सांगू तुम्हाला? पायातल्या चपला मी कधी काढल्या, मला कळलंच नाही. तेच आमचे डब्यातले रंग, रोजचे — आणि तो त्रिकोण पत्र्यात मावतच नव्हता. छाती भरून आली. एवढं मोठं काही आमच्यासारख्याच्या हातून होतं?

आणि मग — हे म्हणायला जीभ जड होते — मी जळलो. बाजारभर माझी अक्षरं होती. त्यातलं एकही असं उभं राहत नव्हतं.

रहीमभाई तेव्हा भूमला लेकीकडे गेले होते. येरमाळ्याच्या एका किराणावाल्याला देवीच्या जत्रेआधी पाटी हवी होती. कोरा पत्रा मागच्या खोलीत होता. मला माहीत होतं. तरी मी त्यांचाच पत्रा आडवा घातला आणि त्यावर सफेदा फिरवला. त्रिकोण एका हातात झाकेना. मी दुसरा हात मारला.

ते परत आले तेव्हा मी म्हणालो, मला ते अस्तर वाटलं. उरलासुरला रंग पत्र्यावर अस्तर म्हणून, पाटीच्या रंगाखालचा पहिला हात म्हणून, मारून ठेवायची आमच्या धंद्यात रीतच होती. खोटं कसं चपखल बसलं बघा!

ते रागावले नाहीत. पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझी नजर लई तयार हाय. तुला अस्तर वाटलं, म्हंजे अस्तरच असंल ते. म्याच उगं चित्र समजत होतो."

त्यानंतर त्यांनी तसं काही रंगवलं नाही. कधीच नाही. पुढं कितीतरी वर्षं आम्ही शेजारी बसलो, एकाच किटलीतला चहा प्यालो. कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. ते चित्र होतं, रहीमभाई — एवढंच तर म्हणायचं होतं. ते गेले, आणि मी ते म्हटलं नाही.