आज शहरात

ऑफिसात तिला सगळे कार्यक्रमताई म्हणायचे. पेपरात सहाव्या पानावर अगदी तळाला ‘आज शहरात’ म्हणून काड्यापेटीएवढी चौकट यायची ना, ती ही लिहायची. कुठे व्याख्यान, कुठे चित्रांचं प्रदर्शन, कुठे गाणं. पहिल्या पानावर खून, फुटलेली पाइपलाइन, पुढाऱ्यांची हमरीतुमरी, आणि त्याच शहरात संध्याकाळी कोणीतरी जीव ओतून गातंय ते मात्र तळाला, चपलांच्या जाहिरातीला चिकटून. तिला याचं फार वाईट वाटायचं. बाकी कोणाला वाटत नसावं, कारण सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की चौकट बंद. दुसऱ्या शहरातल्या आवृत्तीत तुला जागा आहे, बुधवारपर्यंत हो की नाही ते कळव. नाही म्हणजे घरी बस, हे ते बोलले नाहीत, पण तिला कळलं.

आता बाबांचं काय करायचं? आई जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात दोघंच. पण बाबांचं एक बरं होतं. सकाळी तिची चौकट वाचायचे, संध्याकाळी तयार होऊन निघायचे आणि जेवताना तिला साग्रसंगीत सांगायचे, वक्त्याने किती पकवलं, गायक कुठे घसरला, चहा कसा पांचट होता. दोघांचं बोलणं म्हणजे तेवढंच. बाबा रमलेत, आपण गेलो तरी त्यांचं अडणार नाही, असं ती स्वतःला समजावत होती.

मंगळवारी जेवताना बाबा भलतेच खुशीत. बाई काय गायल्या म्हणे, हॉल खच्चून भरलेला, मला तर खांबाआड जागा मिळाली. ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. साहेबांना हो म्हणायचं, तिने ठरवूनच टाकलं.

बुधवारी ऑफिसात पाय ठेवला न ठेवला तोच फोन. त्याच गाण्याचे आयोजक. बाईंचा घसा बसलाय, कार्यक्रम रद्द, असं सोमवारी सांगूनसुद्धा छापलंत, लोक हॉलचं कुलूप बघून आम्हाला शिव्या घालून गेले! तिला आठवलं. काढते म्हणाली होती, तेवढ्यात साहेबांनी बोलावलं आणि डोक्यातून पार गेलं. ती माफी मागत राहिली आणि मागता मागता एकदम तिच्या डोक्यात आलं. कुलूप होतं तर बाबांनी ऐकलं काय?

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा आरशासमोर केस विंचरत होते.

“कालचं गाणं झालंच नाही, बाबा.”

कंगवा थांबला. “मग छापलंस कशाला?”

एरवी ती हसली असती. आज नाही हसली. बाबा पलंगावर टेकले आणि तुटक तुटक बोलायला लागले. त्यांचे एक दोस्त होते, वन्समोअरकाका. गाणं कसंही असो, हे मागून वन्समोअर ओरडणारच. ते थंडीत वारले. त्यानंतर बाबा एकदाच एकटे कार्यक्रमाला गेले होते, शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी पिशवी ठेवली, तर यांना बसवेना, मध्येच उठून आले. तेव्हापासून कुठल्या हॉलची पायरी चढले नव्हते. बसस्टॉपवर बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्या बस बघायचे, आणि घरी काय सांगायचं ते परतताना जुळवायचे. काल तर हॉलच्या बाजूला फिरकलेही नव्हते.

“मला सांगायचं नाही का?”

“तू एवढं मन लावून लिहितेस. वाचून एक तरी माणूस जातो, असं तुला वाटू दे म्हटलं.”

तिचा बांध फुटला. चौकट बंद होतेय, बदलीचं विचारलंय, आजच उत्तर द्यायचंय, सगळं एका दमात सांगून टाकलं. मी नाही जात कुठे, नोकरी गेली खड्ड्यात, असंही म्हणाली. बाबांनी तिचं रडणं संपेपर्यंत वाट बघितली.

“हो म्हणून कळव,” ते म्हणाले. “तू माझ्यासाठी थांबलीस तर मला रोज खरंच कार्यक्रमाला जावं लागेल.”

ते थट्टा करताहेत की काय म्हणून तिने वर बघितलं. तसं काही नव्हतं. थकले होते फक्त.

तिने मोबाइल घेतला आणि साहेबांना हो लिहून पाठवलं. ते इतकं सहज जमलं, याचाच तिला राग आला. बाबा उठले, चपला घातल्या आणि येतो म्हणाले. कुठे, ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना पुन्हा काहीतरी जुळवावं लागलं असतं.