उडालेल्या पाखराचा पंचनामा

पाखरू फांदीवर बसलेलं असेपर्यंत नाना कॅमेऱ्याला हात लावत नसत. ते उडालं, की मग सावकाश सदऱ्याच्या खिशातून तो काडेपेटीएवढा जुना कॅमेरा काढत, एक डोळा मिटून रिकाम्या फांदीवर नेम धरत आणि खटका दाबत. छत्री तलावावर मी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा वाटलं, वय झालंय, हात संथ चालतोय बिचाऱ्यांचा.

"नाना, खंड्या गेला की हो!"

"दिसलं मले."

"मग फोटो कशाचा काढला?"

"जागेचा. वारदात झाल्यावर पंचनामा होते, पोरी. होतांनी कोन करते?"

नाना आमचे शेजारी. जन्मभर अमरावतीच्या कोर्टात फौजदारी वकिली केलेली, त्यामुळे बोलणं हे असं. मी शाळेत गणित शिकवते. उत्तर एकतर बरोबर असतं नाहीतर चूक, अशी मला सवय. नाना मात्र असं काही बोलत, की घरी येऊन भाजी चिरताना मी स्वतःशीच वाद घालत बसे.

कॅमेरा नानांच्या बायकोच्या, कमलकाकूंच्या, भावानं लग्नात दिलेला. त्याला लागणारा बारीक रोल बाजारातून कधीच नाहीसा झाला होता. नाना मोठा रोल मागवत, न्हाणीघराच्या दाराच्या फटीत गोधडी कोंबून मिट्ट अंधार करत आणि आत बसून हातानंच अंदाज घेत फिल्मच्या पट्ट्या कापत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. कापलेल्या पट्ट्या फ्रिजमध्ये, लोण्याच्या भांड्याशेजारी. उन्हाळ्यात फिल्म खराब होते म्हणून.

त्यांची मुलगी वर्षा अकोल्याला असते. ती माहेरी आली, फ्रिज उघडला, वडील अंधाऱ्या न्हाणीघरात बसलेले पाहिले आणि तिचा धीरच सुटला. मी तिला फिल्मचं सगळं समजावलं. तिला ते पटलंही. पण त्याच महिन्यात नाना तलावावरून घरी आले ते रिक्षावाल्याचा हात धरून. तो म्हणाला, बाबा चौकात उभे होते, पत्ता सांगता येत नव्हता, विचारत विचारत आणलं.

"रस्ता चुकलात का, नाना?" मी विचारलं.

"चुकलो काहून? त्याच्याशी बोलाचं होतं मले. भला मानूस हाय."

आता याला काय म्हणायचं? वकील खोटं बोलत होता, की म्हातारा खरं बोलत होता?

वर्षाचा फोन आला. "ताई, मी बाबांले अकोल्याले घेऊन जातो म्हणतो. ते काही येत नाहीत. तुमी रोज पायता त्यायले. ते एकटे राहू शकतात का, तुमीच सांगा. तुमी म्हणसान तसं करीन." एवढं मोठं ओझं तिनं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि फोन बंद केला. नानांचं घर, त्यांचा तलाव, नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावरच्या त्यांच्या पाखरांच्या बाभळी, सगळं माझ्या एका हो-नाहीवर आलं. मी मुद्दाम त्यांच्याबरोबर फिरायला जाऊ लागले, चोरून पाहू लागले आणि स्वतःचीच लाज वाटू लागली. एकदा धीर करून विचारलंच, पाखरू असतानाच फोटो काढायला काय हरकत आहे?

"पाखरू समोर असतांनी त्या बारक्या भोकात डोळा घालून बसू? मंग पायन कवा?"

हे इतकं सरळ होतं, की मला लगेच पटलं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला दोनदा विचारलं, आज कोणता वार.

रविवारी वर्षा आली. नानांनी राजकमल चौकाजवळच्या जुन्या स्टुडिओवाल्याकडून ताजे फोटो धुऊन आणलेले होते. तिनं ते दिवाणावर मांडले. नुसत्या फांद्या, तारा, पाण्याचे काठ. कुठं पीसही नाही.

"बाबा, काय हाय हे?"

नाना बोट ठेवत गेले. "हा कोतवाल. आत्ताच उडाला. हा खंड्या. हा नीलपंख, आत्ताच गेला." वर्षानं फोटो पत्त्यांसारखे पिसले आणि पुन्हा मांडले. नानांनी पुन्हा तेच पाखरू त्याच फांदीवर बसवलं, एकही चूक नाही. मी परीक्षेच्या वर्गात उभी असल्यासारखी मनात खुणा करत होते आणि मला आनंद होत होता. राहू दे त्यांना इथंच, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते.

शेवटचा फोटो मागच्या दाराच्या पायरीचा होता. रिकामी पायरी, बाजूला सूप.

"आणि हे?"

"तुयी माय. आत्ताच उठून गेली."

फोटो याच महिन्यातला होता. नाना मजेत, अगदी नीलपंखाइतक्याच सहज बोलले होते. ही त्यांची फोटोची भाषा, की त्यांना काकू खरंच दिसत होत्या? वर्षानं माझ्याकडे पाहिलं. मी फोटोतल्या सुपाकडे बघू लागले.

मग तिनं माझा नाद सोडला आणि वडिलांच्या जवळ जाऊन बसली. "कुठं बसली होती आई?"

"हे पाय. या टोकाले. मेथी निवडत."

तिनं फोटो डोळ्यांजवळ धरला. डोळे भरले तिचे. "बाबा, मले नाई दिसत ती. कवाच नाई दिसत. चेहरासुदीक आठवत नाई धड."

नाना उठले आणि खोलीत जाऊन पिशवी भरू लागले. ज्या माणसाला वर्षानुवर्षं कुणी हलवू शकलं नव्हतं, तो दुपारच्या गाडीनं अकोल्याला निघाला. जाताना मला किल्ली द्यायला आले. मी विचारलं, नाना, असं अचानक कसं ठरलं?

"पोरीले तिची माय दिसत नाई म्हनते," ते हलक्या आवाजात म्हणाले, जणू मुलीच्या आजाराबद्दल सांगत होते. "तिले एकटं कसं ठेवाचं?"