बुजवलेली अकरा भोकं

आमच्या वरच्या गल्लीत दार अडकलं की गुण्याला बोलवायचं, हे ठरलेलं होतं. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. ते या माणसाच्या मागच्या खिशात कायम खोचलेलं असायचं, म्हणून त्यालाच ते नाव चिकटलं. तोंडावर मात्र सगळे ‘मिस्त्री’ म्हणायचे. वय बावन्न, अंगानं काटक, बोलणं मोजकं. काम चोख, पण कामापेक्षा शेजारधर्म मोठा. कुणी ‘एवढं जरा बघता का’ म्हटलं की गडी रंधा घेऊन हजर.

त्या वर्षी पाऊस संपून महिना झाला होता आणि तरी आमच्या ओळीतल्या चार घरांची दारं घासायला लागली होती. चौथं दार आमचं. मिस्त्री आला, दार दोनदा उघडून मिटून पाहिलं, वरच्या कोपऱ्याला गुण्या लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘लाकूड फुगलं तर दार सगळ्या कडेनं घासतं. हे एकाच कोपऱ्यात घासतंय. दार बरोबर आहे, चौकटच तिरकी झालीय.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय, कोपरा तासून देतो.’’

त्यानं तो तासून दिला, चहा घेतला आणि निघून गेला. चार घरांच्या चार चौकटी एकाच बाजूला का कलाव्यात, हा प्रश्न त्याला पडला होता, हे त्यानं नंतर सांगितलं. पण पडलेला प्रश्न उचलायला सवड लागते. ती त्या दिवशी नव्हती.

आता जागा सांगायला हवी. आमची गल्ली टेकडीच्या उतारावर. उताराची माती खाली येऊ नये म्हणून गल्लीच्या कडेला दगडी भिंत बांधलेली, दोन पुरुष उंच. भिंतीच्या पायथ्याशी पत्र्याची लांबलचक शेड, आणि शेडमध्ये चौदा बायका शाळेचे गणवेश शिवायच्या. मिस्त्रीची बायको त्यांच्यातलीच. तिचं मशीन ओळीत सगळ्यात शेवटी, भिंतीला अगदी लागून. उन्हाळ्यात तिथे गार वाटतं म्हणून तिनं ती जागा भांडून मिळवली होती.

त्याच सुमारास मिस्त्रीकडे एक वेगळंच काम आलं. मातीच्या तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई वाचनालयाच्या सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी वर्ग घ्यायच्या. वर्गाचं नाव होतं, ‘पदार्थ आणि पृथ्वी : विज्ञानाची तोंडओळख’. ज्यांचं विज्ञान शाळेतच सुटलं अशा मोठ्या माणसांसाठी. कंडक्टर, दोन परिचारिका, किराणा दुकानदार, अशी वीसेक मंडळी यायची. बाईंनी मिस्त्रीला दोन लाकडी पेट्या करायला सांगितल्या. प्रत्येकीची एक बाजू काचेची, आणि आत मधोमध वरून खाली सरकवता येईल अशी एक फळी.

‘‘एका फळीला खाली बारीक भोकं पाडा,’’ बाई म्हणाल्या, ‘‘आणि दुसरीला एकही नको. अगदी पाणी झिरपणार नाही अशी बसवा.’’

‘‘दोन वेगळ्या कशाला?’’

‘‘गुरुवारी या की. डोळ्यांनीच बघा.’’

मिस्त्री कचरला. शाळेत असताना विज्ञानात तो दोनदा गचकला होता, आणि तेव्हापासून विज्ञानाचं आणि त्याचं बोलणं बंद होतं. पण आपण केलेली वस्तू गळते की काय, ही धास्ती सुताराला स्वस्थ बसू देत नाही. गुरुवारी तो गेला आणि शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसला. म्हणजे पळता यावं.

बाईंचं शिकवणं गप्पा मारल्यासारखं. त्यांनी फळीच्या एका बाजूला आधी खडी, वर वाळू, त्यावर चिकणमाती असे थर भरले. दुसरी बाजू रिकामी. ‘‘ही आपली टेकडी, आणि ही फळी म्हणजे तिला रोखणारी भिंत,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता सांगा, माती उतारावर थांबते कशी? घसरून का जात नाही?’’

‘‘चिकटते म्हणून,’’ कंडक्टर म्हणाला.

‘‘थोडी चिकटते. पण त्याहून जास्त म्हणजे, कण कणावर घासतो, अडतो. गर्दीत माणूस माणसाला अडतो तसा. आता त्या कणांच्या मधे पाणी शिरलं की ते कणांना एकमेकांपासून ढकलतं. पकड सुटते. शिवाय पाण्याला स्वतःचा दाब असतोच, आणि तो ठरतो खोलीवर. मागे तळं असो की हातभर रुंद फट, पाणी सारखंच उंच असेल तर भिंतीवरचा रेटाही सारखाच.’’

हे मिस्त्रीला पटेना. तळ्याचा आणि फटीचा रेटा सारखा? त्यानं चक्क हात वर केला, पस्तीस वर्षांनी. बाईंनी उत्तर न देता दोन्ही पेट्यांमध्ये तांब्यानं पाणी ओतायला सुरुवात केली. भोकांच्या फळीतून गढूळ पाणी ठिबकत राहिलं, फळी जागची हलली नाही. दुसऱ्या पेटीत काचेमागे ओल वर चढत गेली. खडी बुडाली, वाळू बुडाली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग फळी वरच्या बाजूनं बोटभर झुकली, आणि तिच्यामागे मातीवर ठेवलेलं काड्यापेटीचं इवलंसं घर तिरकं झालं.

‘‘बघितलंत? भिंत पडायच्या आधी वरची घरं सांगतात,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दारं अडकतात, खिडक्या लागत नाहीत.’’

पुढच्याच तांब्याला फळी आडवी झाली, माती भसकन पुढे आली आणि वर्ग हसला. मिस्त्री हसला नाही. तो भोकं नसलेल्या त्या फळीकडे बघत होता.

कारण आमच्या त्या दगडी भिंतीलाही भोकं होती. वर पाच, खाली सहा. तीन वर्षांपूर्वी शेडमधल्या बायकांनी तक्रार केली होती, की भोकांतून तांबडं पाणी येतं आणि पांढऱ्या कापडाच्या गठ्ठ्यांवर डाग पडतात. बायको घरी येऊन रोज तेच सांगायची. शेवटी एका रविवारी मिस्त्रीनं सागवानाच्या खुंट्या तासल्या, डांबरात बुडवल्या आणि एकेका भोकात ठोकून बसवल्या. पाणी बंद. बायकांनी त्याला चहा पाजला, टाळ्या वाजवल्या. अकराच्या अकरा भोकं त्यानं स्वतःच्या हातानं बुजवली होती, आणि ती कशासाठी ठेवलेली असतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

वर्ग सुटला तरी तो बसूनच होता. बाई पेट्या पुसत होत्या.

‘‘पेट्या छान झाल्यात हो, मिस्त्री. एक थेंब गळला नाही.’’

‘‘बाई, माझ्या हातून एक चूक झालीय,’’ तो म्हणाला, आणि सगळं सांगून मोकळा झाला. भोकं, खुंट्या, चार घरांची दारं. ‘‘तीन दारांचे कोपरे तासून झाले, चौथ्याला कळायला हवं होतं मला.’’

बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. ‘‘उद्या सकाळी पहिलं काम, शेड रिकामी करायची. भिंतीचं नंतर बघू. आणि खुंट्यांना हात लावू नका. एकट्यानं तर नाहीच. मी नगरपालिकेच्या इंजिनियरला आत्ताच फोन लावते.’’

घरी बायको आधीच कळल्यासारखी दारातच उभी. ‘‘अहो, तोंड का असं झालंय? नापास केलं की काय पुन्हा?’’

‘‘उद्या कामावर जायचं नाही.’’

‘‘का म्हणून?’’

त्यानं सांगितलं. ती उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, ‘‘बुजवा म्हणून तुमच्या मागे तर मीच लागले होते.’’

‘‘खुंट्या ठोकल्या मी.’’

‘‘बरं, तुम्ही ठोकल्या. आता मी सगळ्यांना फोन करते. उद्या कुणी शेडची पायरी चढणार नाही.’’ आणि जेवणं बाजूला ठेवून तिनं एकेकीला फोन केले. तेराही जणींना. एकीनं विचारलं, नक्की का? तर ही म्हणाली, ‘‘नक्की नाही. नक्की व्हायची वाट बघायची का?’’

सकाळी उजाडताच मिस्त्री भिंतीच्या माथ्यावर होता. मीही गेलो. अशी भिंत बांधताना टेकडीकडे जरा कललेली ठेवतात, म्हणजे वरून सोडलेला ओळंबा तिच्या अंगाला टेकायला हवा. त्यानं शेडच्या पलीकडच्या टोकाला दोरी सोडली, ओळंबा टेकला. मधोमध सोडली, तर ओळंबा पायथ्यापासून चांगला चार बोटं लांब लोंबत राहिला. मिस्त्रीनं दोरी पुन्हा सोडून पाहिली, तरी तेच. पायाखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात वापरला होता. त्यावर उभा पहिल्यांदाच राहिलो.

इंजिनियर तिशीतली मुलगी होती. बाईंबरोबर आली, आणि आल्या आल्या भिंतीवर हात फिरवून म्हणाली, ‘‘इतकी मोठी भिंत आणि पाणी जायला वाट कशी नाही?’’

गल्लीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. मिस्त्रीनं मान वर केली. ‘‘वाट होती. मी बुजवली. अकरा आहेत, कुठे कुठे आहेत तेही दाखवतो. डांबर लावलंय, म्हणून दिसत नाहीत.’’

कुणीतरी पुटपुटलं, ‘‘शाबास!’’ कौतुकाचं नव्हतं ते. पण इंजिनियर मुलीचा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे पाया खचलेला नाही! काका, मला वाटलं होतं, भिंत खालूनच गेलीय. नुसतं पाणी साठलं असेल तर वाचेल ही.’’

आम्हा चार घरांना वाचनालयात हलवलं. दुपारपर्यंत भिंतीला लाकडी तिरके टेकू लागले. मिस्त्रीनंच ते कापले आणि पाचरी मारून घट्ट बसवले. भिंतीला एक तडा गेला होता, त्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली. भिंत केसभर हलली तरी काच आधी तडकणार. काचेवर नजर ठेवायला कंडक्टर बसला, शिट्टी तोंडात धरूनच.

खुंट्या फुगून दगडाशी एकजीव झाल्या होत्या. उपटणं शक्यच नव्हतं, भोक पाडणं एवढाच उपाय. वरच्या ओळीपासून, एका कडेनं, शिडीवर बाजूला उभं राहून. यंत्राच्या धक्क्यांनी भिंत हादरायला नको, म्हणून मिस्त्रीनं वडिलांच्या वेळचं हाताचं लांब गिरमिट काढलं आणि फिरवायला लागला. कमरेला दोर बांधलेला. खाली बायको उभी, इंजिनियरनं आखलेल्या रेघेच्या मागे, पण पायाचा अंगठा रेघेवर.

पाच मिनिटं भुसा पडत होता. मग ओला भुसा. मग सूंऽऽ असा आवाज झाला, गिरमिट हातात उसळलं आणि तांबडी धार मिस्त्रीच्या खांद्यावरून सणसणत खाली गेली. आम्ही सगळे दोन पावलं मागे सरकलो.

‘‘काच?’’ इंजिनियर ओरडली.

‘‘शाबूत!’’ शिट्टी तोंडात असल्यामुळे उत्तराबरोबर शिट्टीही वाजली. शिट्टी ऐकून चार-पाच जण पळत सुटले आणि लगेच हशा पिकला. बायका तर डोळे पुसत हसत होत्या.

वरची पाच संध्याकाळपर्यंत झाली, खालची सहा दुसऱ्या सकाळी. खालच्या धारा वरच्यांपेक्षा कितीतरी लांब पडत होत्या. मिस्त्री भिजलेल्या कपड्यांनी बाईंपाशी गेला. ‘‘खोलीवर ठरतो म्हणालात ना दाब? हे बघा की, दिसतंय.’’ मग त्यानं टेप काढला आणि दर तासाला धारा कुठे पडतात ते मोजायला लागला. बाईंनी ते आकडे वहीत लिहून घेतले. धार जेवढी जवळ येईल तेवढं मागचं पाणी उतरलं, हे आता कंडक्टरसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत होता.

तिसऱ्या दिवशी पाणी नितळ झालं आणि धारा मोडून नुसती ठिबक राहिली. इंजिनियरनं ओळंबा स्वतः सोडला. चार बोटं होतं ते चार बोटंच होतं. काचेला चरा नव्हता. ‘‘भिंत थांबली,’’ ती म्हणाली. ‘‘टेकू महिनाभर राहू देत. भोकांत पाईप घालू आणि खालून पन्हळ काढू, म्हणजे कापडंही खराब होणार नाहीत. घरात जा आता सगळे.’’

माझ्या आईनं तिथेच रस्त्यावर बसकण मारली आणि म्हणाली, ‘‘जीव भांड्यात पडला गं बाई.’’

मिस्त्री हत्यारं आवरत होता. ज्यानं ‘शाबास’ म्हटलं होतं तो माणूस पुढे आला, काहीतरी बोलायचं म्हणून खाकरला आणि शेवटी त्याची हत्यारांची पेटी उचलून घरापर्यंत पोचवून आला.

दुपारी मी चौकशीला गेलो. दार नुसतं लोटलेलं. ओसरीवर मिस्त्री आडवा होता, केसांत भुसा, एक चप्पल पायातच, आणि घोरणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. तीन दिवसांत त्याला डोळा लागला नव्हता. बायकोनं ओठांवर बोट ठेवलं, मला बाहेरच्या कट्ट्यावर बसवलं आणि हळूच म्हणाली, ‘‘काही काम असेल तर उद्या या, भाऊजी. आज मी कुणाला उठवू देणार नाही.’’