बेबीआत्याचं लुगडं

धम्मशीला मुळातच भित्री. लहानपणी जानेफळात घराशेजारच्या विहिरीवरून जाताना ती बेबीआत्याचा पदर सोडायची नाही. आई गेल्यावर त्या आत्यानंच दुसऱ्यांच्या शेतात निंदण-खुरपण करून तिला शिकवलं. आणि ही भित्री पोर आता बुलढाण्याच्या एका स्कॅन सेंटरात, किरणांच्या शेजारी बसून काम शिकत होती.

तिथे पेशंटला शिरेतून थोडंसं किरणोत्सारी औषध टोचतात. दोन-तीन तासांत ते हाडांत जाऊन बसतं, उरलेलं लघवीवाटे निघून जातं, आणि मग कॅमेरा अंगातलं औषध टिपतो. कॅन्सर हाडात पसरला असेल तर तिथं काळा डाग उमटतो. तिथल्या मोठ्या डॉक्टर वंदना मॅडम हे सगळं जुन्या केसेसवरून शिकवत. पेशंटचं नाव अंगठ्यानं झाकून चित्र समोर धरायच्या आणि विचारायच्या, "काय दिसतं? दुसरं काय असू शकतं?" अकरा नंबरची केस तर धम्मशीलाला तोंडपाठ होती. मांडीवर डाग, घरात रडारड, आणि शेवटी निघाला काय, तर कपड्यावरचा लघवीचा थेंब! ती त्या केसला पोटभर हसली होती.

त्या मंगळवारी स्कॅनला बेबीआत्याच आली होती. दोन वर्षांमागे छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, आणि आता महिनाभर कंबर दुखत होती. सेंटरचा गाऊन पाहून ती अंग चोरून उभी राहिली.

"परक्या जागी लुगडं सोडू का मी? राहू दे व."

दुसऱ्या बाईचं धम्मशीलानं ऐकलं नसतं. आत्यापुढे तिचं कधी चाललं होतं?

पडद्यावर ठिपक्याठिपक्यानं चित्र भरत गेलं. डोकं, फासळ्या, मणका, सगळं ठीक. मग उजव्या मांडीच्या वरच्या टोकाला काळा डाग आला. धम्मशीलाचं अकरा नंबरसकट शिकलेलं सगळं कुठल्या कुठे पळालं. अशा वेळी बाजूनंही एक चित्र काढायचं असतं, तेही तिच्यानं झालं नाही.

"काय दिसलं व?" आत्यानं उठता उठता विचारलं.

"मॅडम आल्यावर सांगतीन," फरशीकडे पाहत ती म्हणाली.

आत्यानं तिचं तोंड नीट पाहून घेतलं आणि पिशवी उचलली. "जातो मी. दीडची मेहकर गाडी सापडते."

मॅडम पावणेदोनला आल्या. चित्र पाहून त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. गाऊन घातला होता? बाजूचं चित्र कुठंय? लुगडं तसंच होतं, बाजूचं चित्र काढलंच नव्हतं.

"अकरा नंबर मी कुणाला शिकवला, भिंतीला?" मॅडम कडाडल्या. "हा थेंबच आहे असं मी म्हणत नाही. कॅन्सरही असेल. पण औषधाचा जोर उतरत चाललाय. बाईला आजच परत आण."

धम्मशीला स्टँडकडे धावत सुटली. आत्याचा फोन बंद. आत्या रडणारी बाई नव्हती, गुपचूप काहीतरी ठरवून टाकणारी होती. आणि ती विहीर अजून घराला लागूनच होती. पोरीच्या डोळ्यांपुढे दुसरं काही येईना.

गाडी उभी होती. कंडक्टर चहाला गेला म्हणून उभी होती, एवढंच. आत्या खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसलेली.

"आत्या, उतर."

"काऊन? तुयं तोंड पाहूनच समजलं मले. आता कायले अंगाले हात लावू देऊ?"

भरल्या गाडीत कसं सांगावं? धम्मशीला तिच्या कानाशी वाकली आणि थेंबाचं सांगितलं. आत्याची मान खाली गेली.

"खोकलं की होते," ती पुटपुटली. "वरीस झालं. कोणाले सांगू?" आणि ती उतरली.

या वेळी अंग धुऊन, गाऊन घालून आत्या टेबलावर निजली. पाच मिनिटांचं चित्र. धम्मशीलानं डोळे गच्च मिटले. तिला मरणाची भीती वाटत होती.

"डोळे उघड," मॅडम म्हणाल्या. "वाच."

मांडी साफ होती. बाजूनं काढलं, तेही साफ.

"काय दिसलं व?"

"काई नाही, आत्या," ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडू लागली. झालं! आत्या ते रडणं पाहणार की शब्द ऐकणार?

"दोघी मिळून फसवता मले."

मग मॅडमनी आत्याचं सोडून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेलं लुगडं रिकाम्या टेबलावर ठेवलं, कॅमेरा सुरू केला आणि आत्याला पडद्यापुढे उभं केलं. ना हाड, ना माणूस, नुसता काळा डाग उमटला.

आत्यानं वाकून डाग नीट पाहिला. "म्हंजे माया लुगड्याले झाला का कॅन्सर?"

मॅडम खळखळून हसल्या. धम्मशीलाला हसू येईना. कंडक्टर वेळेवर आला असता तर? ती पुन्हापुन्हा तेच घोकत होती.

दारात पुढची बाई आली. गाऊन पाहून तीही अंग चोरून उभी राहिली. "लुगडं राहू द्या ना ताई."

"नाही मावशी," धम्मशीला म्हणाली. गाऊन धरलेला हात तिनं मागे घेतला नाही.