दोन्ही पाहण्यांत असलेली बाई

शाद्लियामावशी बायकांच्या मदतीसाठी चालणाऱ्या आमच्या संस्थेत स्वयंपाकाला लागली तेव्हा तिने पन्नाशी ओलांडली होती. ट्युनिशियातल्या स्फाक्सच्या जुन्या शहरात, तटाला लागून परवान्याची गल्ली होती, म्हणजे सरकारी परवान्याने धंदा करणाऱ्या बायकांची वस्ती. तिथे तिने सोळा वर्षं काढली होती. क्रांतीनंतर गल्लीवर जमाव चालून आला, दारांना कुलपं लागली आणि बायका पांगल्या. यातलं काहीही ती लपवत नसे. मी संस्थेत टायपिंग करायचे. पहिल्याच दिवशी ताट पुढे करत तिने विचारलं, "माझ्या हातचा मासा खाशील ना, की घरी आई रागावेल?" मी दोनदा वाढून घेतला.

त्या वर्षी नगरपालिकेत सुनावणी लागली. गल्ली कायमची बंद करायची की पुन्हा परवाने द्यायचे, यावर समिती दोन्ही बाजू ऐकणार होती. बंद करा म्हणणाऱ्या होत्या प्राध्यापिका इन्साफ. त्यांच्या पाहणीत अठ्ठेचाळीसपैकी बेचाळीस बायका विकून आणलेल्या निघाल्या होत्या. परवाने द्या म्हणणारे होते वकील लुत्फी. त्यांच्या पाहणीत अठ्ठेचाळीसपैकी त्रेचाळीस बायका राजीखुशीने आल्या होत्या. प्रती काढताना मी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले. मावशी फरसबी निवडत होती. तिचा हात थांबला.

"दोन्हीकडे अठ्ठेचाळीस? कुठल्या बायका?"

"स्फाक्सच्या गल्लीतल्याच म्हणतायत."

"अगं, मग त्या आम्हीच."

सुनावणीला ती माझ्याबरोबर आली ती धुतलेला पांढरा सफसारी, तिकडची डोक्यापासून पायापर्यंतची चादर, पांघरून. तास दीड तास दोन्ही बाजू आकडे फेकत होत्या. मावशीने हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्ही कोणत्या बाजूच्या?"

"मी दोन्ही पाहण्यांत आहे, साहेब. या मॅडमना सांगितलं, मला विकून आणलं. या वकीलसाहेबांना सांगितलं, मी खुशीने होते."

सभागृहात हशा पिकला. लुत्फी म्हणाले, "म्हणजे एकदा तरी तुम्ही खोटं बोललात."

"नाही. तुम्ही कुठल्या सालचं विचारताय ते बोलला नाहीत."

हशा विरला. मग तिने सांगितलं. विसाव्या वर्षी गावातल्या एका ओळखीच्या माणसाने शिलाईचं काम देतो म्हणून तिला आणलं. परवान्याच्या कचेरीत शिपायाने विचारलं, 'स्वखुशीने?' तो माणूस खेटून उभा होता. ती हो म्हणाली. सात वर्षं तिचं ओळखपत्र त्याच्याच खिशात होतं. मग तो तुरुंगात गेला, ओळखपत्र तिच्या हाती आलं, आणि तरीही ती आणखी नऊ वर्षं राहिली. "गावात मला कोण घेणार होतं? इथे खोली माझी होती, कडी आतून होती. ती नऊ वर्षं माझी मी राहिले. ती माझ्याकडून काढून घेऊ नका. आणि पहिली सात त्याच्या नावावरून पुसू नका."

इन्साफबाई हळूच म्हणाल्या, "पण आम्हाला सगळ्याच बायका एकसारखं कसं सांगत होत्या?"

"तुमच्या फॉर्मवर विकलेली असं लिहिलं की निवाऱ्यात खाट मिळायची. वकीलसाहेबांनी विचारलं तेव्हा शेजारी परवान्याच्या कचेरीचा माणूस बसला होता. तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?"

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मग विचारायचं तरी काय?"

"खुशीने आलीस का, हे विचारूच नका. ओळखपत्र कोणाकडे आहे ते विचारा. कडी बाहेरून लागते की आतून. गिऱ्हाइकाला नको म्हटलं तर पुढे काय होतं. आणि विचारताना तिला आणणारा खोलीबाहेर पाहिजे."

इन्साफबाई उठून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मी चुकीचं विचारलं. पाहणी परत करते. मावशी, याल माझ्याबरोबर?"

चार महिने आम्ही तिघी फिरलो. एक्केचाळीस जणी सापडल्या. मावशी दाराशी बसकण मारायची, पोराबाळांची चौकशी करायची, मग ते तीन प्रश्न. सतरा जणींचं ओळखपत्र कधी ना कधी दुसऱ्याच्या ताब्यात होतं. चोवीस जणींचं कायम स्वतःकडे. त्यांना कोणी सोडवायला नको होतं, मारहाणीची तक्रार घेणारा पोलीस हवा होता. परवान्याच्या वादावर समितीचं एकमत झालं नाही, आजही झालेलं नाही. पण एक नियम एकमताने झाला: विनापरवाना धंद्यात पकडलेल्या बाईवर पोलिसांनी गुन्हा लिहिण्याआधी तिला एकटीला बसवून हे प्रश्न विचारायचे.

पुढच्याच महिन्यात एका फ्लॅटमधून अठरा वर्षांची हयात पकडली गेली. फ्लॅटवाल्याकडे तिच्या सहीचा कागद होता, स्वखुशीचा. जुन्या रीतीने तिलाच तुरुंग झाला असता. पण महिला शिपायाने ओळखपत्राचं विचारलं, आणि ते फ्लॅटवाल्याच्या खणात सापडलं, आणखी तीन मुलींच्या ओळखपत्रांबरोबर. न्यायाधीशांनी हयातला सोडलं आणि त्याला आत ठेवलं.

कोर्टातून ती थेट आमच्याकडे आली. मावशीने तिला कुसकुस वाढलं, वर माशाचा मोठा तुकडा. पोरीने तीनदा मागून घेतलं आणि बाकावरच झोपली. तेवढ्यात लुत्फीसाहेब हातात फाईल घेऊन दार ढकलत आले. त्यांच्या नव्या पाहणीचे प्रश्न मावशीकडून तपासून हवे होते.

"बसा, बघते," मावशी म्हणाली. "पण हळू बोला, पोरगी झोपलीय."

स्फाक्सचे नामांकित वकील चपला काढून चवड्यांवर चालत आले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. मावशीने पेन घेतलं, पहिला प्रश्न माझ्याकडून वाचून घेतला, 'तुम्ही खुशीने आलात का?', आणि त्यावर फुली मारली.