भोंगा वाजला की आत, का बाहेर?

मी सात-आठ वर्षांचा असताना एका पहाटे जमिनीखालून आवाज आला. डोंगराखाली कुणी मोठं जातं ओढावं तसा. पाठोपाठ आमची मागची भिंत बसली. तेव्हापासून कोयनेच्या खोऱ्यातल्या आमच्या गावाला धक्क्यांची सवय झाली. वर धरण, खाली हलणारी जमीन. आमच्या घरात धान्यापेक्षा भीतीचे किस्सेच जास्त साठले. त्यात लेक दिली अणुवीज प्रकल्पातल्या मुलाला. मग तर किश्शांना जागा पुरेना.

*

जावई प्रमोदराव तासगावकडचे. नोकरी लांब, समुद्रकाठच्या प्रकल्पात. साखरपुड्यात माझा मेव्हणा त्यांना म्हणाला, "लाईट गेल्यावर तुमी आंगातनं उजेड पाडता म्हनं."

"पाडला असता," प्रमोदराव म्हणाले, "पण तुमच्याकडं दिवसाआड लाईट जाते. मी एकटा किती पुरणार?"

*

लग्नानंतर लेक शुभांगी तिथल्या कॉलनीत राहायला गेली. आम्ही पहिल्यांदा तिला भेटायला निघालो, तर माझी बायको हौसा हिने गावच्या पाण्याचे दोन कॅन भरून घेतले. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "आजी, समुद्राला पानी कमी पडलं व्हय?"

तिसऱ्या दिवशी कॅन संपले. हौसाने तिथलं पाणी उकळलं, गार केलं आणि आधी मला पाजलं. अर्धा तास माझ्या तोंडाकडे बघत बसली. मग स्वतः प्यायली.

"काय बघत हुतीस गं?" मी विचारलं.

"काय न्हाई. तुमचं वय झालंय."

*

कॉलनीच्या आसपासच्या गावांतून प्रकल्पाची माणसं दूध, भाजी, मासळी किरणोत्सर्ग आहे का ते तपासायला नेतात. प्रमोदरावांनी हे अभिमानाने सांगितलं.

"तपासत्यात म्हंजे कायतरी असणारच," हौसा म्हणाली.

"आणि तपासलं नसतं तर, मामी?"

"तर लपवत्यात म्हनले असते."

प्रमोदराव माझ्याकडे बघायला लागले. मी मेथी निवडत राहिलो.

*

त्याच मुक्कामात एका दुपारी भोंगा झाला. सराव होता. भोंगा झाला की घरात जायचं, दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, असं आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं होतं. सगळी कॉलनी आत गेली. पण आमचे पाय खोऱ्यातले. दचकले की बाहेरच धावतात. मैदानाच्या मधोमध आम्ही दोघंच, भर उन्हात.

खिडकीतून वॉचमन ओरडला, "आजी, आत या!"

"तूच भाईर ये लेकरा," हौसाने हाक दिली, "भित पडंल आंगावर."

*

यंदा शुभांगी बाळंतपणाला माहेरी आली. बाळ तीन महिन्यांचं झालं आणि प्रमोदराव गाडी घेऊन दोघांना न्यायला आले. हौसाचं एकच, बाळाला तिकडं धाडायचं न्हाई. शुभांगीला काय वाटतं, ते कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नदीवर धुणं घेऊन गेली होती. हौसा चुलीपाशी, मी उंबऱ्यात, जावई आरशासमोर दाढी करत होते. तेवढ्यात बारकासा धक्का आला. मांडणीवरची भांडी वाजली. प्रमोदराव अर्ध्या गालावर साबण घेऊन थेट अंगणात. हौसाने तव्यावरची भाकरी उलटली.

"पावनं, च्या भाईरच देऊ?"

"चेष्टा नको, मामी. असल्या घरात बाळ ठेवायचं? कामावर माझ्या छातीला बॅज असतो. अंगात किती किरणं गेली ते कळतं. तुमच्या भूकंपाला काय आहे?"

"भांडी हायत की."

"भांडी वाजेपर्यंत घर पडलं तर?"

"आन तुमचा बॅज बोलंस्तवर?"

हौसा उलथनं घेऊन अंगणात आली. बाळ कुठं सुखरूप राहील यावर दोघं चांगलेच तापले. शेवटी माझ्याकडे वळले. "मामा, तुम्हीच सांगा."

मी सावकाश बोलतो. म्हटलं, "मला धरणातलं कळत न्हाई, आन अणूतलंबी..."

एवढ्यात शुभांगी धापा टाकत आली. धुणं नदीवरच टाकलं होतं. ती सरळ आत गेली आणि बाळाला घेऊन बाहेर आली. ते आतल्या खोलीत झोळीत झोपलं होतं. धक्का आला तेव्हाही तिथंच होतं. आमच्या तिघांत कुणालाच त्याची आठवण झाली नव्हती.

तिने आईकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाळाला दुपट्यात नीट गुंडाळलं, आमच्या मधून गेली, आणि गाडीपाशी न थांबता रस्त्याला लागली.